घाटाखालची पाच तासांची थंडी

शुक्रवार, ९ जानेवारी

कर्जतला उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि स्वेटर कमरेला बांधलेला होता. डोंबिवलीला तो अंगात होता. वांगणीच्या पुढे खिडकीतून ऊन आलं नि नकोसा झाला. आत्या मात्र कानटोपी काढायला तयार नाही. ती चौकची, म्हणजे खालापूर तालुक्यातली. साठ वर्षं मुंबईत काढली तरी इथल्या थंडीबद्दल तिचं एकच म्हणणं, "दिवसा लपून बसते गं, रात्री धरते."

फलाटावर दिवाडकरांचा वडा खाल्ला, रिक्षा केली, पळसदरीच्या पुढे आत वळलो. रिसॉर्टच्या नावातच 'लॉज' आहे. आत्याला ते आदल्या दिवशी सांगितलं तर ती चपापली. "लॉजवर राहायचं? मी लोकांना काय सांगू?" तिच्या हिशेबी लॉज म्हणजे एसटी स्टँडासमोरची दुमजली इमारत, दारावर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. इथे निघालं भलतंच. ओंडके रचल्यासारख्या भिंती, अगदी उतरतं छप्पर, बारशिंग्याचं फायबरचं डोकं, सोफ्यांवर चौकड्यांच्या शाली. ओंडके सिमेंटचे आहेत. त्यांवर लाकडाच्या गाठीसुद्धा रंगवल्या आहेत, आणि ज्याने रंगवल्या त्याचा हात चांगला आहे, हे कबूल करायला हवं.

छपराची गंमत वाटली. युरोपात असं छप्पर बर्फ घसरून जावा म्हणून. इथे ते आषाढात कामाला येणार, कारण या पट्ट्यातलं घर आधीपासून पावसाशीच भांडत आलंय. पागोळ्यांसाठी पडवी, भिंतीला झड लागू नये म्हणून लांब वळचण. थंडीसाठी म्हणून घरात वेगळं काही केलेलं आत्याला आठवत नाही. धुराडंही नव्हतं. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जायचा आणि जाता जाता वाशांना कीड लागू द्यायचा नाही.

दुपारी दोनला खोलीतला पंखा लावला. शाली घड्या घालून ठेवल्या.

शनिवार, १० जानेवारी

रात्री तीनला जाग आली ती पाय गार पडल्यामुळे. आत्याचं खरं ठरलं. वऱ्हांड्यातली तापमापी पहाटे पाचला १३ दाखवत होती. काल दुपारी तिथेच ३१ होते. इथे समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सगळी ऊब वर सोडून मोकळी होते. त्यात डोंगरउतारावरची गार, जड हवा रात्री घरंगळत खोऱ्यात येऊन साचते. आठ-साडेआठला ऊन चढलं की संपलं. म्हणजे हा सगळा थाट रात्रीच्या पाचेक तासांसाठी. शिमल्याला दिवसभर पुरतो. इथे शालीची मजा घ्यायची तर गजर लावावा लागतो.

खाली दिवाणखान्यात आले तर आत्या फायरप्लेससमोर बसलेली. फायरप्लेस विजेची. काचेमागे नारिंगी ज्वाळा हलतात, खालून गरम वारा येतो. मी काही खवचट बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "धूर नाही बघ. माझ्या आईचे डोळे गेले चुलीपुढे." मग मीही खुर्ची ओढली.

(गीझर दोन्ही दिवस बंद होता. तक्रार केल्यावर बादलीने पाणी आलं, आणि बादलीचं पाणी जास्त कढत होतं.)

संध्याकाळी फलकावर 'पोपटी नाइट', म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा बेत. मला धास्ती होती की सिमेंटच्या ओंडक्यांसारखीच पोपटी निघणार. पण ती लावायला इथला माळी आला, शेजारच्या गावातला, आणि त्याने आचाऱ्याला जवळ फिरकू दिलं नाही.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला. ही खरं म्हणजे तण. एरवी कुणी विचारत नाही, वास उग्र, हाताला चिकटून राहणारा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा मुठीमुठीने. मध्ये बटाटे, कांदे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. परत शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबला आणि मडकं पालथं घातलं. पाण्याचा थेंब नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा आतच कोंडतो, त्यातच सगळं शिजतं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या.

या शेंगा पौष-माघातच का, तेही इथल्या जमिनीचं गणित. भात कापलं की खाचरात ओल उरते, तिच्यावर आणि रात्रीच्या दवावर वाल येतो. थंडीत शेंग भरते. पोपटीचा मोसम कुणी ठरवलेला नाही, तो खाचराने दिलाय.

एका मुलाने विचारलं, किती मिनिटं? माळी हसला. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. पाणी चर्र करून उडालं. "झाली." आत्याला अजून जाळ हवा होता. दोघांचं त्यावरून जुंपलं, शेवटी माळी "आजी, करपली तर तुमच्यावर" म्हणाला तेव्हा ती गप्प झाली. शेंगा टोपलीत ओतल्या तशी ओव्याची नि धुराची वाफ तोंडावर आली. तोंड भाजतंय, पाठ गारठलीय, आणि जागा सोडून उठायला कुणी तयार नाही. अकरापर्यंत शेंगा सोलत बसलो. माझ्या खांद्यावर चौकड्यांची शाल होती. तिला आता रिसॉर्टचा वास येत नव्हता.

रविवार, ११ जानेवारी

परतीची गाडी मुद्दाम खोपोलीहून धरली. १८५६ साली रेल्वे इथवर आली आणि थबकली. बोरघाटाचा लोहमार्ग सुरू व्हायला १८६३ उजाडलं. तोवर पुढचा घाट पालखीतून नाहीतर बैलगाडीने. १९१५ पासून इथे टाटांचं वीजघर आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आणून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. तेच पाणी पुढे पाताळगंगेत जातं, म्हणून नदी हिवाळ्यातही वाहती दिसते.

गाडी सुटल्यावर शेतांत एक वीटभट्टी दिसली. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं अशा भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी घरी परततात. एक बाई भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून मुलाला पाजत होती. नऊ वाजले होते, ऊन आलं होतं, तरी ती तिथून हलली नव्हती.

कर्जतला डबा भरला. आत्याने माळ्याकडून भांबुर्डीची जुडी मागून आणली होती, पिशवीत ओल्या फडक्यात. नेरळ येईतो अख्ख्या डब्याला वास. समोरच्या बाईने नाक वळवलं, मग परत हुंगलं.

"पोपटीचा पाला का हो? कुठे मिळाला?"

आत्याने फडकं सोडलं आणि अर्धी जुडी तिला मोडून दिली. मडकं कुठून आणणार, हे दोघींनाही विचारायचं सुचलं नाही.