गिळलेला फासा

पोकर नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद आपल्याकडे न्यायालयातच रंगतो. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार ठरवलं. आग्र्याचं प्रकरण 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा मात्र पोकर आणि रमी कौशल्याचे खेळ मानले गेले, आणि केवळ शंकेवरून परवानगी नाकारू नये, असं अधिकाऱ्यांना सांगितलं गेलं. माझ्या मते एकेका डावाकडे पाहून हा वाद मिटणार नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला पाचांतून साधारण चारदा हरवते. उरलेल्या एका वेळी नवशिकाही उस्तादाला लुटतो. कौशल्य दिसतं ते वर्षांच्या हिशेबात. डॉयल ब्रन्सनने पोकरच्या जागतिक मालिकेतलं पहिलं विजेतेपद 1976 मध्ये मिळवलं आणि दहावं 2005 मध्ये. फिल हेल्मथ 1989 मध्ये चोवीस वर्षांचा असताना मुख्य स्पर्धा जिंकला आणि 2023 मध्ये त्याच मालिकेतलं त्याचं सतरावं विजेतेपद आलं.

यावर कुणी म्हणेल, हजारो माणसं खेळत असताना दोन-चार जण निव्वळ योगायोगाने टिकणारच. आक्षेप रास्त आहे. पण योगायोगाचे मानकरी काळ लांबत जातो तसे गळत जातात, आणि जे उरतात त्यांच्यात एक गुण हमखास सापडतो: हार पुरती मोजण्याचा. वाराणसीत घडणाऱ्या लित्त जातकात हेच मर्म आहे. तिथे बोधिसत्त्व चक्क फासे खेळणारा आहे. त्याचा जोडीदार जिंकत असला की खेळतो. हरू लागला की फासा तोंडात टाकून तो हरवल्याचा बहाणा करतो आणि डाव मोडतो. बोधिसत्त्व फाशांना विष लावतो, जोडीदार कोसळल्यावर त्याला वांतीचं औषध देतो आणि वाचवतो. लबाडीपेक्षा मला त्यातला स्वतःची हार नाहीशी करण्याचा मोह जास्त ओळखीचा वाटतो. हार मोजली नाही तर उस्तादही टिकत नाही. पोकरपटू स्टू उंगर पत्त्यांत अद्वितीय होता. 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा मुख्य स्पर्धा जिंकला. शेवटच्या विजयात दहा लाख डॉलर मिळाले, तरी पुढच्याच वर्षी तो लास व्हेगासच्या एका मोटेलात कफल्लक अवस्थेत मेला. पान ओळखणं आणि पैसा सांभाळणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि कारकीर्द लांबते ती दुसऱ्यामुळे.

याहून जड आक्षेप असा की पोकर काहीच निर्माण करत नाही. एकाची कमाई म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, वर अड्डेवाल्याची नाल. याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. उलट कौशल्य जितकं खरं, तितकी कच्च्या खेळाडूची हार निश्चित. न्यायालयात खेळाला वाचवणारा युक्तिवाद टेबलावरच्या दुबळ्या माणसाला मात्र उघडं पाडतो. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. हरणाऱ्याकडे पाहिलं हे बरंच झालं. पण समोरासमोरच्या क्लबांचा प्रश्न राज्यांपुढे उरतोच, आणि तिथे मला सरसकट बंदीपेक्षा एक अट जास्त उपयोगी वाटते: परवानगी हवी असेल तर क्लबाने प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या वर्षभराच्या हारजितीचा हिशेब लेखी द्यावा, आणि नव्या वर्षाचा पहिला डाव त्यावर त्याची सही झाल्यावरच मांडावा.