एक तलाव, दोन वायदे

अमेरिकेच्या पश्चिम भागात, ऑरेगॉन राज्याच्या दक्षिण टोकाला क्लॅमथ फॉल्स नावाचे गाव आहे. पोर्टलंडहून मोटारीने साधारण पाच तास लागतात. क्रेटर लेक पाहायला आलेले प्रवासी इथे रात्रीपुरते थांबतात आणि सकाळी निघून जातात. आम्ही मात्र दोन दिवस राहिलो, ते इथला तलाव आणि कालवा पाहण्यासाठी. पाण्याच्या पाळीवरून गावात झालेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथली हकिकत परकी वाटणार नाही.

गावाच्या उत्तरेला अप्पर क्लॅमथ लेक पसरला आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, पण खोली सरासरी तीन मीटरही नाही. ऑगस्टमध्ये त्याचे पाणी शेवाळाने हिरवे होते आणि काठावर कुबट वास येतो. पाणपक्षी तरीही डौलात पोहत असतात. याच पाण्यावर पुढे क्लॅमथ नदी वाहते आणि कॅलिफोर्नियातून पॅसिफिक महासागराला मिळते.

तलावात दोन जातींचे मासे आहेत. इथले मूळ रहिवासी क्लॅमथ लोक त्यांना च्वाम आणि कोप्तू म्हणतात. च्वाम पन्नास वर्षांपर्यंत जगतो. वसंतात बर्फ वितळू लागले की हे मासे अंडी घालायला नद्यांतून वर चढतात. कोकणातल्या वाचकांना वलगणीचे मासे आठवतील. लांब हिवाळ्यानंतर येणारे हे ताजे अन्न पिढ्यान्‌पिढ्या या लोकांचा आधार होते. पुढे संख्या इतकी घटली की १९८६ मध्ये क्लॅमथ लोकांनी स्वतःच मासेमारी बंद केली. १९८८ मध्ये सरकारने दोन्ही जाती धोक्यात असल्याचे जाहीर केले. आता धार्मिक विधीपुरते वर्षाला अवघे दोन मासे धरले जातात.

कालव्याची हकिकतही तितकीच खरी आहे. १९०५ मध्ये केंद्र सरकारने इथे सिंचन योजना मंजूर केली आणि १९०७ मध्ये मुख्य कालव्यातून पाणी सुटले. दक्षिणेकडचा टुली लेक बराचसा आटवून जमीन काढली आणि ती दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लोणच्याच्या बरणीतून चिठ्ठ्या काढून वाटप झाले. त्या सैनिकांची मुले-नातवंडे आज तिथे बटाटा, कांदा आणि लसूणघास पिकवतात. सुमारे दोन लाख एकर जमीन या पाण्यावर भिजते.

म्हणजे एकाच सरकारने दोन वायदे केले. १८६४ च्या करारात क्लॅमथ लोकांनी कोट्यवधी एकर जमीन सोडली आणि बदल्यात मासेमारीचा हक्क राखला. मासे राखायचे तर पाणी हवेच, म्हणून त्यांचा पाण्याचा हक्क सर्वांत जुना, हे पुढे न्यायालयाने मान्य केले. दुसरीकडे शेतकऱ्याच्या हातीही सरकारी कागद होता. त्याशिवाय नदीत खाली कोहो साल्मन मासे आहेत. १९९७ मध्ये त्यांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यांच्यासाठी तलावातून पाणी सोडावे लागते, तर च्वामसाठी तलावात राखावे लागते.

२००१ च्या दुष्काळात हा तिढा उघड झाला. माशांसाठी बहुतेक शेतकऱ्यांचे कालव्याचे पाणी बंद केले गेले. ७ मे रोजी हजारो माणसे गावाच्या मुख्य रस्त्यावर रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत त्यांनी कालव्यात पाणी ओतले. त्या दिवसाची आठवण म्हणून सरकारी इमारतीसमोर एक प्रचंड बादली उभी आहे. पुढच्या वर्षी शेतीला पाणी मिळाले, पण सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या भागात तीस हजारांवर साल्मन मरून पडले. उथळ, कोमट पाण्यात रोग झपाट्याने पसरला होता. त्या माशांवर जगणारे युरोक लोक काठावर उभे राहून हे पाहत होते. एका वर्षी एकाचे घर बसले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचे. २०२१ मध्ये तर मुख्य कालवा हंगामभर उघडलाच नाही.

मग केवळ पाणी अडवून मासे वाचतात का? नाही. च्वामची पिल्ले दर वसंतात जन्मतात, पण फारच थोडी मोठी होतात. काठची पाणथळ जमीन बांध घालून शेती-कुरणांखाली गेली आणि गाळाबरोबर फॉस्फरस तलावात येऊ लागला. त्यावर शेवाळ माजते. ते कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून पाण्याच्या पातळीइतकीच ही जमीनही महत्त्वाची आहे. अलीकडे काही बांध फोडून हजारो एकर पाणथळ जमीन पुन्हा तलावाला जोडली आहे. कालव्याच्या तोंडाशी २००३ मध्ये जाळी बसवली, त्यामुळे मासे शेतात वाहून जाणे बरेच कमी झाले.

समझोत्याचे प्रयत्नही झाले. २०१० चा मोठा करार संसदेच्या मंजुरीअभावी २०१५ च्या अखेरीस संपला. पण नदीवरचे वीजनिर्मितीचे चार बांध २०२४ पर्यंत पाडले गेले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शंभराहून अधिक वर्षांनी साल्मन पुन्हा ऑरेगॉनात पोहोचले. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लॅमथ, युरोक व कारुक लोकांनी आणि शेतकऱ्यांच्या पाणी संघटनेने नदी सुधारण्यासाठी एकत्र काम करण्याच्या करारावर सह्या केल्या. ज्यांनी एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षे खटले लढवले, ते एका मेजावर बसले.

दुष्काळ मात्र अजून येतो, आणि प्रत्येक कोरड्या वर्षी हिशेब नव्याने मांडावा लागतो. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडेही हेच होते. वरचा शेतकरी आपल्या उसाकडे पाहतो, खालचा कोरड्या चारीकडे. क्लॅमथमध्ये या हिशेबात एक तिसरा वाटेकरीही धरला जातो. त्याला अर्ज करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. आपल्या नद्यांतही तो आहे. पाण्याचे आवर्तन ठरवताना त्याचा वाटा कोणी मांडतो का, एवढे तरी आपण विचारायला हवे.