नाथसागरावरचे कुरव

आम्हा परतूरकरांना समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी जागा! वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडक आहेत व त्यांवर सुरय पक्षी घरटी करतात, असे वाचल्यापासून ते पाहण्याची ओढ लागली होती. पण कोकण दूर आणि खिसा लहान. तेव्हा गेल्या पौषात आम्ही चार मैत्रिणी सरांबरोबर पैठणला गेलो. समुद्रपक्षी नाथसागरावरही येतात, असे त्यांनी सांगितले होते.

धुके विरले आणि पांढरेशुभ्र पक्षी पाण्यावर उतरताना दिसले. लाल चोच, पंखांची टोके काळी, डोळ्यामागे एक गडद ठिपका. सर म्हणाले, "हा तपकिरी डोक्याचा कुरव. याचे डोके उन्हाळ्यात तपकिरी होते, थंडीत तेवढा ठिपका उरतो. हा जन्मतो लडाख-तिबेटातील उंच तळ्यांकाठी. समुद्र त्याला भेटतो तो हिवाळ्यातच!" मन हरखून गेले. समुद्रापासून इतक्या दूर, उजाड मुलखात जन्मलेला हा पक्षी मला एकदम आपल्या मराठवाड्याचाच वाटला.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य ठरला. पाणी पसरट व उथळ. ते ओसरू लागले की गाळाचे काठ उघडे पडतात, किडे-शिंपले मिळतात, म्हणून थवेच्या थवे येतात.

पण त्याच पाण्याखाली माझ्या आजीचे माहेर आहे. गाव उठले, भावंडे चार दिशांना पांगली. धरण झाल्यापासून ती तिकडे फिरकलेली नाही. घरी आल्यावर मी उत्साहाने कुरवांचे वर्णन करू लागले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पाखरं चांगलीच असतील गं माय. पर ती बसली कुठं व्हती? आमच्या पारावर, का मळ्यावर?"

मला उत्तर देता आले नाही. या पाण्याने डाव्या कालव्यातून जालना-परभणीची शेते भिजवली, परक्या पाखरांना आसरा दिला, हे खरेच. आजीचा पार बुडाला, हेही तितकेच खरे.

निरीक्षणाच्या वहीत मी कुरव, सुरय अशी नावे लिहिली होती. त्यांच्याखाली आजीच्या गावाचे नाव लिहिले. तेही त्याच पाण्याचे रहिवासी.