ओळ भरताना

पानं लावायला पेजमेकर उघडलं की माझा हात आधी पॅराग्राफच्या स्पेसिंगमध्ये जातो आणि लेटर स्पेसचे तिन्ही खाने शून्य करतो. तिथे उणे ५, ०, २५ असे आयते आकडे असतात, ते रोमन लिपीच्या हिशोबाने. जुन्या फॉन्टमधला ग म्हणजे अर्धा ग आणि पुढे काना, असे दोन सुटे तुकडे. ओळ भरायला पेजमेकर त्यांच्यातच फट पाडतं. शिरोरेखा तुटते आणि गणपती बोळका दिसायला लागतो.

मग सगळा ताण येतो शब्दांमधल्या जागेवर, आणि माझी जन्माची कटकट तीच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले. हिंदीवाल्याला नुसत्या 'के लिए'त दोन जागा मिळतात. आपल्याकडे तीन कॉलमी पानात 'कशेळी ग्रामपंचायतीच्या' एवढं बसतं, 'पाणीपुरवठ्यासंदर्भात' खाली उतरतं, आणि वर उरते एकच फट, बोट घालावं एवढी. नवखे तिथे शिफ्ट-एंटर मारतात. ओळ आणखी फाटते. मी आधी कर्न, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, किंचित उणे करतो. शिरोरेखा एकमेकींवर चढल्या तर वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. अधिक केलं की लगेच उघडं पडतं. नाहीच जमलं तर शब्द हाताने तोडतो, पण जोडाक्षरात कधीच नाही. त्यानेही भागलं नाही तर लेखकाच्या 'आणि'चा 'व' करतो. आजवर एकाही लेखकाच्या ते लक्षात आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला राग त्याचाच येतो.

नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्यांना ही झंझट नाही. जागा उरली की ते अक्षरच आडवं ताणतात. वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्याचं नाव नेत्यापेक्षा रुंद! जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला तेव्हा जुळाऱ्याला हे करताच येत नव्हतं. शिशाचा खिळा ताणला जात नाही. शब्दांमध्ये बारीक स्पेस सरकवत ओळ घट्ट बसवायची, एवढंच त्याच्या हाती. आता इनडिझाइनमध्ये ८०, १००, १३३ अशी शब्दांमधल्या जागेची मापं येतात आणि लेटर स्पेस मुळातच शून्य असते. तरी मी ते आकडे रोज तपासतो. सवय.

काल्हेरची एक मुलगी सध्या शिकायला येते. सप्ताहाच्या स्मरणिकेतले लेख तिने सरळ लेफ्ट अलाइन करून ठेवले. "काका, उजवीकडे कमी-जास्त राहिलं तर बिघडतं काय? फटी तरी सारख्या राहतात ना."

शब्दांमधली जागा खरोखरच सगळीकडे सारखी होती. पान चांगलं दिसत होतं. मी "बघू" म्हणालो आणि समासावरून तिला उगाच दोन शब्द सुनावले.

लेख तसेच छापायला गेले. अध्यक्षांचं मनोगत तेवढं, ती घरी गेल्यावर, मी जस्टिफाय केलं. त्यात तीन 'आणि' होते.