मधूनच बंद पडणारी गाडी

पिकावरचा रोग उघड दिसला की निम्मे काम झालेले असते. पान आणून टेबलावर ठेवा, त्याचे नाव सांगता येते. अवघड असतो तो दोष, जो सकाळी असतो आणि जाणकार पाहायला आला की नसतो. आज असाच एक दोष सांगतो. तो पिकाचा नाही, मोटारगाडीचा आहे. पण हल्ली वस्तीवस्तीवर जुनी घेतलेली पेट्रोल व्हॅन उभी दिसते, तेव्हा उपयोगी पडावा.

आमची व्हॅनही जुनीच घेतलेली. पावसाळ्याच्या तोंडाला ती चालता चालता बंद पडू लागली. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नाही. गॅरेजात दोन दिवस ठेवली, तिथे एकदाही बंद पडली नाही. मिस्त्री म्हणाले, "साहेब, बंद पडलेली दाखवा, मग सांगतो. नाहीतर पेट्रोलचा पंपच बदलून टाका." पंपाची किंमत काही हजारांत. घरात सूनबाईंना नववा लागलेला, दवाखाना बावीस किलोमीटरवर आणि रात्री नऊनंतर एस.टी. नाही. सौ.ने स्वच्छ सांगितले, "अहो, या गाडीत तिला बसवायची नाही. दुसऱ्या कुणाची तरी गाडी सांगून ठेवा." तिचे खोटे नव्हते.

शेतावर गेलो की डायरीत नोंद करायची, ही नोकरीतली जुनी सवय. गाडीचीही नोंद ठेवली होती: तारीख, वेळ, ऊन-पाऊस, रस्ता, टाकीत पेट्रोल किती, गाडीत कोण. तीन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या. एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी पावसात. एकदा टाकी भरलेली, एकदा अर्धी. ऊन किंवा पेट्रोल म्हणावे तर जुळत नव्हते. एकच गोष्ट जुळली. तिन्ही वेळा मागच्या बाकावर वजन होते. एकदा मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, एकदा लग्नाची मंडळी, एकदा बाजार. मी एकटा असताना गाडी कधीच थांबली नव्हती, आणि गॅरेजात मिस्त्रीही एकटेच चालवून पाहत होते.

थोडे यंत्राबद्दल सांगतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनच चालवी. साधारण २००० सालापासून आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आले आणि पंप विजेवर चालणारा, बहुधा टाकीतच बुडवलेला, असा झाला. किल्ली फिरवली की इंजिन लागण्याआधी दोन-तीन सेकंद मागून बारीक 'घूं' आवाज येतो, तो त्याचा. तिसऱ्यांदा गाडी ओढ्यावरच्या फरशीवर थांबली, तेव्हा मंडळींना गप्प बसायला सांगून किल्ली फिरवली. पुढे रिलेचा 'टक्' आवाज आला, मागे 'घूं' नाही. फ्यूज शाबूत होता. हॉर्नचा रिले त्याच जातीचा होता म्हणून तो काढून पंपाच्या जागी लावला, तरी तेच. म्हणजे दोष रिलेपासून पंपापर्यंतच्या वायरीत, पंपाच्या अर्थिंगमध्ये किंवा खुद्द पंपात. एवढे कळले तरी पुष्कळ झाले. (काही गाड्यांत धडक बसली की पंप बंद करणारा वेगळा स्विच असतो आणि तो मोठ्या खड्ड्यातही उडतो. आमच्या गाडीत तो नव्हता.)

इथे पुष्कळ जण मीटर लावतात आणि फसतात. प्लग काढून मीटर लावला तर बारा व्होल्ट दिसतात, म्हणून वायर चांगली असे वाटते. पण पाइपलाइनचा वाल्व बंद असताना दाबाचा काटा बरोबरच दाखवतो. पाइप आतून चोंदला आहे की नाही, ते पाणी सोडल्यावर कळते. विजेचेही तसेच. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी व्होल्ट दिसतात, पण तेवढ्यावर पंप फिरेलच असे नाही. म्हणून तारेवर खरा भार द्यावा लागतो. हेडलाइटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो, आणि असा पंपही साधारण तेवढेच घेतो.

रविवारी गाडी उघड्यावर लावली. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडली, टाकीजवळचा पंपाचा प्लग काढला आणि त्यातून लांब वायर घेऊन बल्ब पुढे दारापाशी आणला. पेट्रोलच्या वाफेजवळ तापलेला बल्ब नको आणि ठिणगीही नको. विडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला मी गोड बोलून लांब बसवले. पुष्कळ रिलेंच्या अंगावर ३० आणि ८७ असे आकडे असतात. रिले काढून त्याच्या खोबणीतली ती दोन घरे फ्यूज असलेल्या वायरीने जोडली, म्हणजे वीज दोन सेकंदांत बंद न होता चालू राहते. मग बॅटरी जोडली. बल्ब लख्ख. प्लगपाशी ११.९ व्होल्ट.

पुतण्याला म्हटले, "बस मागे, आणि हल जरा."

तो बसला आणि बल्ब पिवळा पडला. मीटर ९.६ वर आला. तो हलला की बल्ब लुकलुके, मध्येच विझे. पुतण्या ओरडला, "काका, सापडलं!" अजून सापडले नव्हते. अर्थिंगची पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यामध्ये मीटर धरला, तर फक्त ०.१ व्होल्ट. अर्थिंग चांगले. म्हणजे येणाऱ्या वायरीत बाकाखालीच कुठेतरी.

बाक सोडून चटई उचलली. कंपनीच्या वायरीत मधेच कापून कुणीतरी दोन लाल वायरी नुसत्या पीळ देऊन जोडल्या होत्या. वर काळी टेप, डिंक वितळून चिकट झालेली. त्या वायरी आधीच्या मालकाने चोरीच्या भीतीने लपवून बसवलेल्या स्विचकडे गेल्या होत्या. जोड बरोबर बाकाच्या पायाखाली. ओल्या चपलांचे पाणी तिथे मुरत आलेले. टेप सोडवली, तर तांबे हिरवे-काळे. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, तसे ते कळकले होते.

हिशेब सोपा आहे. चार अँपिअर वीज जात असताना जोडात सव्वादोन-अडीच व्होल्ट अडकले, तर तिथे नऊ-दहा वॅट उष्णता तयार होते. तांबे तापले की आणखी कळकते, कळकले की आणखी तापते. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलचा पिळाचा जोडही असाच जळतो आणि आपण मोटार भरायला टाकतो. किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी जाड तांब्याची तार घालणारे आपल्यात कमी नाहीत. गाडीत तसे कराल, तर जोडाऐवजी गाडीच पेटेल.

तो स्विच पुरता काढला. कंपनीच्या वायरीचे काळे टोक चकचकीत तांबे लागेपर्यंत कापले, तितक्याच जाडीचा मोटारीच्या वायरीचा तुकडा डाग देऊन जोडला, वर तापवली की आवळणारी नळी घातली आणि वायर पायापासून दूर बॉडीला बांधली. खर्च शंभर रुपयांच्या आत. मागे पुतण्या, सौ. आणि ज्वारीचे पोते बसवून बल्ब पुन्हा लावला. कितीही हलले तरी बल्ब लख्ख, मीटर १२.१. मग बल्ब आणि खोबणीतली जोडवायर काढून रिले आणि पंपाचा प्लग जागेवर लावला. आठवडाभर मुद्दाम भरलेली गाडी फरशीवरून आणि खडीवरून नेली.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे अडीचला सूनबाईंना नेण्याची वेळ आली. सांगून ठेवलेल्या गाडीवाल्याला फोन करू का, असे मी विचारले. सौ. मागच्या बाकावर उशा लावत होती. म्हणाली, "त्याला कशाला उठवता? आपलीच काढा."