चार रुपयांचा शेअर

मैत्रिणींनो, मंडईत कोथिंबिरीची जुडी कितीही स्वस्त मिळाली, तरी आपण ती उलटून बघतोच. आतून सडकी तर नाही ना! पण मागच्या वर्षी चार रुपयांचा शेअर घेताना मी तेवढीही तसदी घेतली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं, की शेजारच्या वहिनींच्या फोनवर निरोप आला : अमुक कंपनीचा शेअर चार रुपयांना आहे, तीन महिन्यांत वीसचा होणार. भिशीचे 10,000 रुपये नुकतेच माझ्या हाती आले होते. खरं तर ते लेकीच्या क्लासच्या फीचे. कुणाला न विचारता मी 2,500 शेअर घेतले. आठवडाभर भाव रोज पाच टक्क्यांनी वर! मी मनातल्या मनात पाटल्या घडवू लागले. मग चक्र उलटं फिरलं. रोज पाच टक्के खाली, आणि विकायला जावं तर घेणाराच नाही. सव्वा महिन्याने कसेबसे 1 रुपया 60 पैशांनी विकले गेले. हाती आले 4,000.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "पैसे गेले त्याचं नाही गं, पण लपवलंस का?" सहा हजारांपेक्षा ते शब्द जास्त लागले.

त्यानंतर मात्र वही घेऊन बसले. जे कळलं, ते तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट, भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त असं नाही. दोन रुपयांचे 500 कोटी शेअर असलेली कंपनी 1,000 कोटींची झाली. 500 रुपयांचे एक कोटी शेअर असलेली 500 कोटींचीच. मग महाग कुठली?

दुसरी, रोज किती शेअरांची उलाढाल होते ते पाहा. भाव एका दिवसात किती हलू शकतो याला मर्यादा असते, तिला सर्किट म्हणतात. खालचं सर्किट लागलं, की विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणी नाही. माझं तेच झालं.

तिसरी, शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा. दर तिमाहीचे निकाल, प्रवर्तकांकडे किती शेअर आहेत आणि त्यांतले गहाण किती, हे सारं तिथे मिळतं. कागदावर नफा आणि प्रत्यक्षात रोकड येतच नाही, असं दिसलं तर सावध व्हा. शेअर बाजाराच्या खास देखरेखीखाली आहे का, हेही पाहा. 'टी' गटातला असेल तर आज घेऊन आजच विकता येत नाही.

चौथी, फुकटचा सल्ला. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात सेबीने मार्च 2023 मध्ये आदेश काढला. यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती टाकून लोकांना शेअर घ्यायला लावले आणि चढ्या भावात आपल्याजवळचे विकले, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याला निरोप पाठवणाऱ्याचा त्यात काय फायदा, हा प्रश्न आधी विचारावा. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का, तेही बघावं.

आणि एवढं सगळं पाहूनही घ्यायचेच असतील, तर किती भावाला घ्यायचे ते आपण ठरवून तेवढ्याच भावाची ऑर्डर द्यावी. रक्कम अशी, की बुडाली तरी घरातलं दूध, फी, औषध अडू नये. कधी विकायचं, हे घेतानाच वहीत लिहून ठेवावं.

लेकीची फी मी शाळेच्या पगारातून दोन हप्त्यांत भरली. अजूनही थोडेफार शेअर घेते, नाही असं नाही. पण आता वही आमच्या जेवणाच्या टेबलावर असते, आणि ह्यांना दाखवल्याशिवाय तिच्यात एक ओळही चढत नाही.