अटी लागू

ऑफिसातला एक जुना मित्र सध्या झुरिकला असतो. दर सोमवारी त्याचे फोटो येतात. बायको, दोन मुलं, मागे बर्फ. खाली ओळ एकच : विकांत सत्कारणी. आमचा विकांत डी-मार्टच्या रांगेत सत्कारणी लागत असल्यामुळे मी बहुतेक वेळा अंगठा दाखवून पुढे जातो (लाइकचा अंगठा. गैरसमज नको). पण ह्या वेळी तो फोटो चिरंजीवांनी पाहिला आणि जेवताना प्रश्न आला, "बाबा, आपण कधी जायचं आल्प्सला?"

मी हिशोब केला. चार तिकिटं, चार व्हिसा, आणि तिथल्या एका कॉफीच्या किमतीत आपल्याकडे चौघांचा नाश्ता. विकांताला आल्प्स हे झुरिकला किंवा म्युनिकला राहणाऱ्याने करायचं काम आहे. पुण्यात राहणाऱ्याने विकांताला सिंहगड करावा आणि गप्प बसावं.

पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण मी आल्प्स पाहिलाय. २००६ साली आठ महिने झुरिकला ऑनसाइट होतो. नुकतंच लग्न झालेलं, बायकोची नोकरी इथे, म्हणून एकटाच. शनिवार-रविवारी खोलीत बसून वरणभात खाण्यापेक्षा बरं म्हणून डोंगरावर जायचो. 'जायचो' म्हणजे गाडीत बसायचो. रिगी नावाचा डोंगर आहे, त्यावर १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली दातेरी रुळांची पर्वतरेल्वे जाते. खिडकीशी बसून चॉकलेट खात वर पोचायचं, फोटो काढायचे, त्याच गाडीने खाली. वाटेत पायवाटांच्या पिवळ्या पाट्या दिसायच्या. त्यांच्यावर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, वेळ लिहिलेला असतो. अमुक ठिकाण, दीड तास. मला ते फार आवडलं होतं. डोंगरात किलोमीटरला काय अर्थ आहे?

तर त्या रात्री सहज म्हणून पाहिलं. रिगीची उंची १७९८ मीटर. आणि आमचं कळसूबाई १६४६. फरक १५२ मीटर! 'आमचं' म्हणायचं कारण, मी मूळचा संगमनेरचा. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आमच्या जिल्ह्यात, शेजारच्या अकोले तालुक्यात. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. घरी अजून 'नगर'च म्हणतो.) नगर जिल्हा म्हटलं की ऑफिसातल्या लोकांना दुष्काळ, ऊस आणि शिर्डी एवढंच आठवतं. ह्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भंडारदरा-घाटघरकडे छत्री उलटी करणारा पाऊस पडतो, हे सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना.

पण खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. मी स्वतः कळसूबाई कधी चढलोच नव्हतो. लहानपणी "जाऊ की, इथेच तर आहे" असं म्हणण्यात दहावी आली, मग पुण्याला होस्टेल, मग नोकरी. स्वित्झर्लंडमध्ये डोंगर बघायला गेलेला संगमनेरचा माणूस आपल्या जिल्ह्यातल्या डोंगराच्या पायथ्याशीही उभा राहिलेला नाही.

मग काय, एक्सेल उघडलं.

मंडळी, मला प्लॅनिंग आवडतं. शीटमध्ये चौतीस ओळी झाल्या. निघायची वेळ, थांबे, पाणी माणशी तीन लिटर, चारही जणांना वेगळा टॉर्च, रोख पैसे (रेंज नसली की यूपीआय नसतं, हे आपण विसरतो), डोंगरावर परत फिरायची वेळ, आणि शेवटी लाल रंगात 'जोखीम' नावाचा कॉलम. पर्यायही तपासले होते. हरिश्चंद्रगड पाचनईकडून सोपा आहे, पण कोकणकड्याच्या काठावर आमचे चिरंजीव किती वाकतील ह्या विचारानेच मला घाम फुटला. रतनगडाला नेढं आहे, पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं देखणं देऊळ आहे, तेही मनात होतं. पण 'सर्वात उंच' ह्या दोन शब्दांपुढे बाकीचं टिकत नाही. पावसाळ्यात नको, कारण शिडीवर रांग लागते आणि खडक निसरडा. नवरात्रात नको, कारण देवीची जत्रा. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार पक्का केला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप फिरवून दाखवला.

शांतता.

मग आमचं कन्यारत्न (वय सतरा, बारावी सायन्स) म्हणालं, "छान आहे. आम्हाला कधी विचारलंस?"

चिरंजीव (वय चौदा) म्हणाले, "रेंज येते का तिथे?"

वीस वर्षं ह्या धंद्यात काढून मी क्लायंटला न विचारता थेट डिलिव्हरी केली होती. मुलं लहान असतात तेव्हा सहलीचं प्लॅनिंग म्हणजे सामानाचं प्लॅनिंग. दुपटी, गरम पाणी, एक जादा पॅन्ट. चार-पाच वर्षांची झाली की "चला" म्हटलं की चपला घालून दारात उभी. ते दिवस कधी संपले ते कळलंच नाही. मधली तीन-चार वर्षं क्लास, कोविड, माझे रिलीज ह्यात गेली. आणि आता पुढच्या जूनमध्ये ही कुठल्या गावाला शिकायला जाईल कोण जाणे. ही गोष्ट मी एक्सेलमध्ये लिहिली नव्हती, पण चौतीस ओळी तिच्यामुळेच झाल्या होत्या.

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "मग तू कर."

तिने केलं. अर्ध्या तासात सोळा ओळी उडवल्या आणि अटी सांगितल्या. शनिवारचा क्लास बुडवणार नाही, दीड वाजता सुटला की निघायचं. डोंगरावर कधी थांबायचं, कधी परत फिरायचं ते ती ठरवणार. माझा 'परत फिरायची वेळ' हा कॉलम तिने ठेवला, पण वेळ बदलली : साडेआठ. जिथे असू तिथून मागे, म्हणजे ऊन चढायच्या आत खाली आणि चाकण तुंबायच्या आत घरी. फॅमिली ग्रुपवर फोटो घरी आल्यावरच. आणि शेवटची अट, ती सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती : गाडीचं दार लागल्यापासून परत येऊन उघडेपर्यंत जेईई, मॉक, परसेंटाइल, कॉलेज ह्यातला एकही शब्द नाही. "आईनेपण नाही आणि बाबाने तर अजिबात नाही."

बायकोने आपलीही एक घातली. पहिली शिडी आवडली नाही तर ती तिथेच थांबणार, कोणीही आग्रह करायचा नाही. चिरंजीवांना वर मॅगी हवी होती. मी सगळ्याला हो म्हटलं.

चाकणबद्दल काय लिहू? ज्याने नाशिक रस्ता पाहिलाय त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिला नाही त्याला पटणार नाही. दीडला निघून चाकण ओलांडायलाच साडेतीन. (जाणकार लोक आळेफाट्याच्या पुढे बोट्याहून आत वळून ब्राह्मणवाडा, कोतूळ करत राजूरला निघतात. आम्ही सरळ संगमनेरला गेलो, कारण आत्याकडे चहा न घेता पुढे गेलो असतो तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.) आत्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "मग, बारावीचं काय म्हणतंय?" कन्यारत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आत्या, तुझा गुडघा कसा आहे?" आत्या गुडघ्यावर वीस मिनिटं बोलली. वाचलो.

पुढे अकोले, मग राजूर. राजूरला पेढे घेतले, घ्यावेतच. भंडारदऱ्यापाशी अंधार पडला होता. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण मुलांना दाखवायचं होतं, पण दिसलं फक्त काळं पाणी. बारी गावात पोचायला साडेआठ वाजले. एका घरी राहायची सोय केली होती. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. रेंज होती-नव्हती अशी, आणि चिरंजीवांनी दहा मिनिटांत फोन खिशात टाकला.

जेवताना घरच्या मावशींना मुलीने विचारलं, कळसूबाई कोण? मावशींनी सांगितलेली गोष्ट अशी. काळसू नावाची कोळ्याची पोर एका पाटलाकडे कामाला राहिली. राहतानाच तिने सांगितलं, मी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी काय सांगाल ते करीन. पाटील हो म्हणाला. एक दिवस घरात पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. ती भांडली नाही, रडली नाही. घर सोडून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली.

"बरोबर केलं तिने," कन्यारत्न म्हणालं. मावशी हसल्या. मीही हसलो.

पहाटे पावणेपाचला निघालो. बायको खालच्या छोट्या देवळाच्या पुढे थोडी आली, अंधारात वर हलणारे टॉर्च पाहिले आणि म्हणाली, "मी मावशींकडे चहा घेते." कोणीही आग्रह केला नाही. खालून वरपर्यंत साधारण आठशे मीटरची चढण आहे. निवांत चढलं तर तीन-साडेतीन तास. वाटेत कड्यांना लोखंडी शिड्या लावल्यात. शिड्या मजबूत आहेत, पण पायऱ्यांच्या फटीतून खालचं दिसतं, आणि रोज दहा तास खुर्चीत बसणाऱ्याला धाप ही शिडीच्या आधीच लागलेली असते. पहिली शिडी पार केली. उजाडायला लागलं. पूर्वेकडून लाल रेघ, खाली भंडारदऱ्याचं पाणी हळूहळू चांदीचं होत गेलं. कन्यारत्न वरच्या खडकावर उभं होतं, वाऱ्यात केस उडताहेत, चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं हसू. मी इतका खूश झालो की बोलून गेलो,

"बघ, असं फ्रेश राहिलीस ना, तर पुढच्या मॉकला..."

वाक्य अर्धंच राहिलं. तिने वळून पाहिलं. काही बोलली नाही. पाण्याची बाटली पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली आणि वर निघाली. हाक मारली, थांबली नाही. पाच मिनिटांत दिसेनाशी झाली.

"बाबा, तू पाटील झालास," चिरंजीव म्हणाले.

पुढचा दीड तास मी आयुष्यातला सर्वात लांब कोड रिव्ह्यू केला, स्वतःचाच. तिला काय म्हणायचं हे दहा वेळा ठरवलं. प्रत्येक वाक्यात 'तुझ्या भल्यासाठी' येत होतं, म्हणून खोडलं. चिरंजीव मला सोडून पुढे पळत नव्हते, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. मधेमधे थांबून "चल रे, जमेल तुला" असंही म्हणत होते. हेच वाक्य मी त्याला सायकल शिकवताना म्हटलं होतं.

शेवटच्या शिडीच्या खाली सपाटी आहे, विहीर आहे, एक टपरी होती. तिथे पोचलो तेव्हा आठ वाजून पंचवीस. वर शिखर, देवीचं इवलंसं देऊळ. शेवटची शिडी फक्त बाकी. मी गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होतो, तेवढ्यात ती शिडी उतरून खाली आली. वर जाऊन, देवीला नमस्कार करून, आमच्यासाठी परत.

"तू जा वर, पाच मिनिटं आहेत," ती भावाला म्हणाली. तो माकडासारखा सुटला. मी उठायला लागलो.

"तुला पाच मिनिटांत नाही जमणार बाबा."

"एवढी एकच तर शिडी राहिलीये. दहा मिनिटं लागतील फार तर."

"साडेआठ ठरलंय."

मी वर पाहिलं. संगमनेर, सत्तेचाळीस वर्षं, आणि एक शिडी. तिच्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर नसतं तरी आज हुज्जत घालायची माझी पत नव्हती. बसलो. तिने टपरीवरून दोन चहा आणले. त्यातला एक माझ्यासमोर ठेवला. मी "मगाशी..." म्हणालो, ती म्हणाली, "चहा पी." चिरंजीव परत आले, उभ्या उभ्या मॅगी खाल्ली आणि उतरायला लागलो. उतरताना गुडघ्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. :)

तेव्हा सांगतो, मी कळसूबाई अजून चढलेलो नाही. रिगी मात्र पाहिलाय.

परतीच्या वाटेवर तिघंही झोपली. चाकणने आपला धर्म पाळला. साडेसातला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. बायको आणि चिरंजीव सॅका घेऊन लिफ्टकडे गेले. कन्यारत्न मागच्या सीटवर बसूनच होतं. मग तिने दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि म्हणाली,

"दार उघडलं. आता विचार."

मी मॉकचं नाही विचारलं. तुला पुढे काय करायचंय, असं विचारलं. त्याला बराच वेळ लागला. वरून बायकोचे तीन मिस्ड कॉल येऊन गेले. आम्ही घरात शिरलो तेव्हा पेढ्यांचा खोका रिकामा होता.